पुढच्या बारवरचा अर्धवट आरोप

मोटारीच्या हाताळणीवरची दोन-चार पुस्तकं चाळलेला कुणीही एक वाक्य ठामपणे सांगतो: गाडीच्या ज्या टोकाला जाड बार लावाल, त्या टोकाची पकड कमी होते. त्याला जोडूनच दुसरं वाक्य येतं. मागच्या चाकांवर चालणारी स्पोर्ट्‌स कार कारखान्यातूनच अंडरस्टीअर घेऊन येते, म्हणजे वळणात तिचं नाक बाहेर सरकतं. तेव्हा ऑटोक्रॉससाठी तिचा पुढचा स्वे बार जाड करणं म्हणजे आपल्या हातांनी दुखणं वाढवणं. बदलायचाच असेल तर मागचा बदला. हे दोन वाक्यांचं शास्त्र इतक्या खात्रीने सांगितलं जातं की अमेरिकेतले माझदा मियाटाचे चालक वर्षानुवर्षं नेमकं उलट का करत आले, हा प्रश्न कुणी विचारतच नाही. एकमेकांचं बघून करत असतील, एवढ्यावर त्यांची बोळवण होते.

या शास्त्रातलं पहिलं वाक्य खरं आहे. दुसरं त्यातून निघत नाही. एका विशिष्ट परिस्थितीत मोजलेला नियम उचलून, ती परिस्थिती जिथे क्वचितच येते अशा खेळाला लावला की काय होतं, याचा हा नमुना आहे.

आधी नियम त्याच्या बाजूने नीट मांडू. स्वे बार म्हणजे इंग्रजी यू अक्षराच्या आकाराचा पोलादी दांडा. मधला भाग रबरी बुशांत बसवून चासीला धरलेला, दोन्ही टोकं लिंकने डाव्या-उजव्या चाकांच्या सस्पेन्शनला जोडलेली. दोन्ही चाकं एकदम वर गेली तर दांडा बुशांत नुसता फिरतो. एक वर आणि एक खाली गेलं तर तो पिळला जातो आणि गाडीच्या कलण्याला विरोध करतो.

आता 1,000 किलोची, दोन्ही टोकांना निम्मं निम्मं वजन असलेली गाडी घ्या. तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून 45 सेंटीमीटरवर आणि डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर 1.42 मीटर आहे असं धरा. पहिल्या पिढीची मियाटा साधारण एवढ्याच मापाची. ही गाडी एक जी इतक्या जोराने वळत असताना आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सुमारे 317 किलो भार सरकतो. बार जाड लावा, बारीक लावा किंवा काढून फेकून द्या, या एकूण आकड्यात लक्षणीय फरक पडत नाही. बार फक्त वाटणी ठरवतो: या 317 किलोंपैकी पुढच्या जोडीने किती पेलायचे आणि मागच्या जोडीने किती. पुढचा बार कडक केला की पुढच्यांचा वाटा वाढतो. टायरवरचा भार दुप्पट झाला तरी पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. म्हणून जिथे असमान वाटणी जास्त, तिथे जोडीची एकूण पकड घटते. इथवर आरोपकर्त्यांशी माझा काडीचाही वाद नाही.

वाद पुढे आहे. अंडरस्टीअर आणि ओव्हरस्टीअर (म्हणजे वळणात मागचं टोक बाहेर सरकणं) यांच्या अभ्यासाला शिस्त आली ती 1930 च्या दशकात. रोल्स-रॉइसमधून जनरल मोटर्समध्ये गेलेल्या मॉरिस ओली या अभियंत्याचा त्यात मोठा वाटा होता आणि मोजमापाचं एक प्रमुख साधन होतं स्किडपॅड. एका ठरलेल्या त्रिज्येचं वर्तुळ, त्यावर स्थिर वेगाने फिरणारी गाडी. स्टीअरिंग स्थिर, गॅस स्थिर, गाडी कलायची तेवढी कलून निवांत झालेली. त्या स्थितीत कोणत्या टोकाची पकड आधी सुटते, याचं उत्तर ‘जाड बार लावलेल्या टोकाची’ असंच येतं. नियमाचं घर ते वर्तुळ आहे.

ऑटोक्रॉसमध्ये वर्तुळ कुठे असतं? स्पोर्ट्‌स कार क्लब ऑफ अमेरिका, म्हणजे एससीसीए, या खेळाला सोलो म्हणते. मोकळा पार्किंग लॉट किंवा जुन्या विमानतळाची काँक्रीटची पट्टी, त्यावर प्लास्टिकच्या शंकूंनी आखलेला मार्ग, एका वेळी एकच गाडी आणि घड्याळ. फेरी साधारण मिनिटभराची. शंकू पडला की दोन सेकंदांचा दंड. नेब्रास्कातल्या लिंकनला होणाऱ्या राष्ट्रीय स्पर्धेत दोन मार्गांवर प्रत्येकी तीन फेऱ्या मिळतात आणि दोन्हींकडच्या सर्वोत्तम वेळांची बेरीज धरली जाते. ती वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजतात. त्या मिनिटभरात गाडी एका स्थितीत निवांत झाली असे क्षण बोटांवर मोजण्याइतके. 18 मीटर अंतरावर उभ्या केलेल्या शंकूंमधून ताशी 65 किलोमीटरने नागमोडी जाणारी गाडी दर सेकंदाला दिशा बदलते. उजवीकडे पुरती कलते न कलते तोच तिला डावीकडे कलायचं असतं.

मऊ गाडीत होतं असं: चालक स्टीअरिंग फिरवतो, चाकं वळतात, पण वरचं धड उशिरा कलतं. ते कलून स्थिरावेपर्यंत टायरवरचा भार हलताच असतो आणि गाडी नेमकी कुठे जाणार हे चालकाला कळत नाही. तो वाट बघतो. तेवढ्यात पुढचा शंकू येतो. पुढचा बार कडक केला की कलणं कमी होतं आणि गाडी लवकर स्थिरावते. मग पुढच्या शंकूकडे ती थोडी आधी वळवता येते. स्किडपॅडवर ती एखाद्या शतांशाने हळू ठरेलही. शंकूंच्या रांगेत तो शतांश कैक पटींनी वसूल होतो.

हे काही गुपित नाही. विल्यम आणि डग्लस मिलिकन या पितापुत्रांच्या 1995 मधल्या जाडजूड ग्रंथात स्थिर अवस्थेतली हाताळणी आणि बदलत्या अवस्थेतली हाताळणी यांना एकापाठोपाठ दोन स्वतंत्र प्रकरणं दिली आहेत. आमचे विद्वान पहिलं प्रकरण वाचून पुस्तक मिटतात.

आता त्यांचा दुसरा मुद्दा. कारखान्यातल्या अभियंत्यांनी विचार करूनच पुढचा बार निवडला, तुम्ही कोण टिकोजीराव लागून गेलात? प्रश्न वाजवी आहे. पण त्या अभियंत्यांनी तो बार कोणत्या टायरसाठी निवडला? रस्त्यावर हजारो किलोमीटर टिकणाऱ्या, पावसात चालणाऱ्या, शेजारच्या सीटवर बसलेल्या माणसाची कंबर सांभाळणाऱ्या गाडीच्या टायरसाठी. स्पर्धक पहिल्याच हंगामात ते काढून चिकट टायर लावतो. समजा जुन्या टायरवर गाडी 0.85 जी सोसत होती आणि नव्यावर 1.05 सोसते. वळण्याचा जोर सुमारे 24 टक्क्यांनी वाढला, आणि स्प्रिंगा त्याच असल्यामुळे गाडी तितकीच जास्त कलू लागली. कारखान्याने बसवलेला मेळ टायर बदलले त्याच दिवशी मोडला. जाड बार त्या कलण्यातलं काही परत घेतो. अभियंत्यांच्या नावाने शपथ घालायची असेल तर टायरही त्यांचेच ठेवा.

बारच का, स्प्रिंगा का नाहीत, असं कुणी विचारेल. कारण एससीसीएच्या स्ट्रीट वर्गात स्प्रिंगा कारखान्याच्याच ठेवाव्या लागतात. शॉक अ‍ॅब्सॉर्बर बदलता येतात आणि पुढचा किंवा मागचा असा एकच बार बदलता येतो. हातात असलेल्या मोजक्या चाव्यांपैकी ही एक. इथे आरोपकर्ते मिश्कील हसून म्हणतात, बघा, नियमच तसे होते, म्हणून पुढच्या बारची चाल पडली. त्यात तथ्य आहे: 2014 मध्ये स्ट्रीट वर्ग येण्याआधीच्या स्टॉक वर्गात फक्त पुढचाच बार बदलण्याची मुभा होती. पण निवड खुली झाल्यावर काय झालं? पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांना मागचा बार बदलण्याची वाट मिळाली आणि त्यांनी ती घेतली. मियाटासारख्या गाड्यांत पुढच्या बारची रीत टिकली. नुसत्या सक्तीने पडलेली सवय सक्ती उठल्यावर इतकी वर्षं राहत नाही.

आणि आता मुख्य मुद्दा, जो या वादात सगळ्यांत कमी बोलला जातो: मागचं आतलं चाक. वरच्याच गाडीचा हिशेब पुढे नेऊ. प्रत्येक चाकावर उभ्या स्थितीत 250 किलो. भाराच्या वाटणीत पुढच्यांचा वाटा 55 टक्के असेल तर मागच्या जोडीला 143 किलोंचं स्थलांतर पेलावं लागतं आणि मागच्या आतल्या चाकावर 107 किलो उरतात. पुढचा बार कडक करून तोच वाटा 70 टक्क्यांवर नेला तर मागच्या आतल्या चाकावर 155 किलो राहतात. जवळपास 45 टक्के जास्त.

गाडीला पुढे ढकलणारी ताकद याच चाकातून जायची आहे. साधं, ओपन डिफरेन्शियल दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क देतं. हलकं झालेलं आतलं चाक जेवढा पेलू शकतं तेवढाच बाहेरच्यालाही मिळतो. आतलं चाक गरगर फिरू लागलं की दोन्हींचं काम थांबतं. ‘आमच्या गाडीत टॉर्सन आहे’ असं सांगणाऱ्यांनीही हुरळून जाऊ नये. टॉर्सन डिफरेन्शियल हे गुणाकाराचं यंत्र आहे: कमी पकड असलेल्या चाकाला जेवढा टॉर्क पेलतो, त्याच्या काही पट ते दुसऱ्याला देतं. आतलं चाक हवेत गेलं की पेलण्याचा आकडा शून्याला टेकतो, आणि शून्याला कितीनेही गुणा.

ऑटोक्रॉसचा मार्ग म्हणजे हळू वळणांमागून हळू वळणं. प्रत्येक वळणातून बाहेर पडताना दुसऱ्या गिअरमध्ये गॅस द्यायचा असतो. तो अर्धा सेकंद आधी देता आला तर फायदा पुढच्या शंकूपर्यंत सोबत येतो. अंडरस्टीअरवर चालकाकडे दहा उपाय असतात: पुढच्या टायरमधली हवा, पुढच्या चाकांना थोडा टो-आउट (चाकांची पुढची कड किंचित बाहेर), मिळेल तेवढा निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत कललेला), शॉकचं सेटिंग, आणि वळणात शिरताना ब्रेक जरा उशिरापर्यंत धरून नाकावर भार ठेवण्याची कला. गरगरणाऱ्या चाकावर त्या क्षणी एकच उपाय उरतो, पाय मागे घेणे. ज्या दुखण्याला दहा औषधं आहेत त्याच्या भीतीने, ज्याला एकच आहे ते ओढवून घेण्यात कसला शहाणपणा?

म्हणूनच ‘त्यापेक्षा मागचा बार जाड करा’ हा सल्ला मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीच्या बाबतीत ‘आजार म्हशीला, औषध पखालीला’ या जातीचा आहे. मागचा बार कडक केला की तोच हिशेब उलटा फिरतो आणि मागचं आतलं चाक आणखी हलकं होतं. स्किडपॅडवर गाडी गोड वळेल. वळणातून निघताना जागच्या जागी चाक जाळेल.

आता कॅम्बरचा मुद्दा. गाडी कलते तेव्हा बाहेरचं टायरही तिच्यासोबत कलू पाहतं आणि रस्त्यावर सपाट बसण्याऐवजी बाहेरच्या कडेवर उभं राहतं. मियाटाचं डबल विशबोन सस्पेन्शन त्यातलं काही सावरून घेतं. मॅकफर्सन स्ट्रट फारसं सावरत नाही, आणि टोयोटा 86, सुबारू बीआरझेड, पोर्शे केमन अशा कितीतरी चांगल्या स्पोर्ट्‌स कारना पुढे स्ट्रटच आहे. स्ट्रीट वर्गात कॅम्बर फारसा वाढवता येत नाही. अशा गाडीत पुढचा बार कडक केला तर भाराच्या वाटणीत पुढच्या जोडीचं थोडं नुकसान होतं, पण गाडी कमी कलल्यामुळे बाहेरचं टायर जास्त सपाट बसतं आणि पकड परत मिळते. कुठलं पारडं जड, हे गाडीगणिक बदलतं. मिळकत तोट्याहून मोठी ठरली तर जाड पुढच्या बारने अंडरस्टीअर चक्क कमी होतो. पुस्तकातलं वाक्य इथे त्याच्या स्वतःच्या अंगणात हरतं, कारण ‘बाकी सगळं तेच राहिलं तर’ ही त्यातली अट सांगणारा गाळून टाकतो. बार बदलल्यावर बाकी सगळं तेच राहत नाही.

होंडा एस2000 च्या सुरुवातीच्या गाड्यांची गोष्ट तर आणखी सरळ आहे. त्यांचं मागचं टोक चटकन सुटण्याबद्दल ख्यात. तिथे पुढचा बार जाड करणं ही पुस्तकाला धरूनच केलेली दुरुस्ती. ‘स्पोर्ट्‌स कारला पुढचा बार कधीच नको’ म्हणणाऱ्यांनी या गाडीचं काय करायचं ते ठरवलं आहे का?

उरला पैशांचा मुद्दा. बारवर खर्च करण्यापेक्षा टायर घ्या, सराव करा. टायर आधी घ्यावेत, यात दुमत नाही. वरचा सगळा युक्तिवाद चिकट टायर लागल्यावरच सुरू होतो. पण टायरचा संच झिजतो आणि दुसरा घ्यावा लागतो. बार एकदा बसवला की गाडीबरोबर राहतो. आणि सरावाचं म्हणाल, तर जी गाडी चालकाचं म्हणणं लगेच ऐकते तिच्यातच तो लवकर शिकतो. हातांनी केलेली चूक आणि गाडीने दाखवलेला परिणाम यांच्यात लांबलचक झोका असेल तर नेमकं काय चुकलं हेच उमगत नाही.

आता आपल्याच बाजूच्या लोकांना चार शब्द, कारण या वादात अतिरेक दोन्हीकडून झाला आहे. जाड तेवढा चांगला, असं मुळीच नाही. दांड्याचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. 22 मिलिमीटरच्या जागी 25 मिलिमीटरचा भरीव बार लावला तर फरक तीनच मिलिमीटरचा दिसतो, पण कडकपणा 67 टक्क्यांनी चढतो. 19 मिलिमीटरच्या भरीव बारच्या जागी 28.6 मिलिमीटर व्यासाचा, पावणेपाच मिलिमीटर जाडीचा पोकळ बार लावला, बाहूंची लांबी तीच ठेवली, तर कडकपणा चौपट होतो. डोळ्यांनी जाडी बघून बार घेणारा माणूस आकड्यांत फसतो.

शिवाय या उपायाला छत आहे. आपल्याच गाडीत पुढचा वाटा 70 टक्क्यांवर नेला तेव्हा पुढच्या आतल्या चाकावर 28 किलोच उरले होते. वाटा 79 टक्क्यांवर पोचला की तिथे शून्य. वळणात पुढचं आतलं चाक हवेत उचललेल्या मियाटांची छायाचित्रं कौतुकाने दाखवली जातात. त्या क्षणी पुढचा बार देण्यासारखं सगळं देऊन बसलेला असतो. त्यापुढचा मिलिमीटर ऐन वळणात भाराची वाटणी आणखी बदलू शकत नाही. आणि बार जितका कडक, तितकी डाव्या चाकाखालची खळगी उजव्या चाकाला जास्त कळते. उंचसखल, भेगाळलेल्या डांबरी लॉटवर मऊ बारवाली गाडी पुढे जाऊ शकते.

बसवतानाही गफलती होतात. जुन्या मियाटात अति जाड बारने चासीवरची ब्रॅकेटच फाटू शकतात, म्हणून ती मजबूत करावी लागतात. लिंक अशा जुळवाव्यात की समतल जागी, चालकाच्या सीटवर त्याचं वजन असताना, बारमध्ये आधीपासून पीळ नसावा. नाहीतर गाडी डावीकडे एक आणि उजवीकडे दुसरीच वागते. कडक बारसोबत शॉक जुनेच ठेवले तर धड कमी कलतं पण हिंदकळत राहतं, आणि ज्या चपळाईसाठी खटाटोप केला तीच हातची जाते.

आरोपकर्त्यांचा सल्ला जिथे अचूक आहे, ते ठिकाणही सांगायला हवं. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत, म्हणजे पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर दिसणाऱ्या बहुतेक हॅचबॅकमध्ये, ढकलणारी आणि वळणारी चाकं एकच. तिथे पुढचा बार कडक केला की चालणारं आतलं चाकच हलकं होतं. म्हणून मागचा बार हे योग्य औषध. शिवाय भारतातला बराचसा ऑटोक्रॉस मातीवर होतो. मातीवर चाकांनी जमिनीचा प्रत्येक चढउतार आपापला सोसावा लागतो, म्हणून तिथे बार मऊ ठेवण्याकडे किंवा काढूनच टाकण्याकडे कल असतो. स्विफ्ट घेऊन मातीत उतरणाऱ्या माणसाने अमेरिकन मियाटावाल्याचं अनुकरण केलं तर तो हरेल. तितक्याच खात्रीने स्विफ्टवाल्याचा अनुभव घेऊन काँक्रीटवरच्या मियाटाला शहाणपण शिकवणाराही हरेल. माझ्या मते पुढच्या बारची बरीचशी बदनामी याच उसनवारीतून आली आहे.

म्हणून ‘कोणत्या टोकाची पकड जाईल’ हा पहिला प्रश्न असू नये. आधी विचारावं: या गाडीची वेळ कुठे जाते आहे? शंकूंच्या रांगेत ती उशिरा वळते का? वळणातून निघताना मागचं आतलं चाक फिरतं का? पुढच्या टायरची बाहेरची कडच झिजते का? यातल्या दोन प्रश्नांचं उत्तर ‘हो’ असेल आणि गाडी मागच्या चाकांवर चालणारी असेल, तर बाहूंना दोन-तीन छिद्रं असलेला पुढचा बार घ्या. टोकाचं छिद्र सर्वांत मऊ, कारण तिथे बाहू लांब. वळणाकडे सरकाल तसा तो कडक होतो. एकाच दिवशी, एकाच मार्गावर, टायर तेच ठेवून छिद्रं बदला आणि वेळा लिहून काढा. कडक छिद्रावर वेळ वाढली तर आरोपकर्त्यांचं ऐकून खुशाल कारखान्याचा बार परत चढवा. पण घड्याळ न लावता, स्किडपॅडवरच्या वाक्याच्या भरवशावर या बारला दोषी ठरवणाऱ्याने शास्त्राचा आव आणू नये.